भाऊजींचं डोकं

१

चहाचे कप विसळून झाले की बायको टेबलावर जुना टॉवेल अंथरायची आणि तो मुकाट्याने खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसायचा. महिन्यातल्या एका सुट्टीच्या सकाळचा हा त्यांचा ठरलेला कार्यक्रम होता. टॉवेलवर गोंदाची आणि गोंद सोडवायच्या औषधाची बाटली, कापूस, बारीक ब्रश आणि शेपटीचा कंगवा मांडला जाई. टेबलाच्या टोकाला थर्माकोलचं एक पांढरं डोकं येऊन बसे. त्याला नाक होतं, डोळ्यांच्या जागी नुसते खळगे होते. बायको त्याला भाऊजी म्हणायची. भाऊजींना जरा सरकवा, भाऊजी आज रुसलेत वाटतं, असं तिचं चाले. त्याला ना भाऊ ना बहीण, तेव्हा सासरचं एवढं एक माणूस तिने स्वतःच करून घेतलं होतं.

त्याचे केस विशीतच गेले होते. तेव्हापासून तो पॅच लावायचा. कोळ्याच्या जाळ्यासारखी तलम जाळी, तिच्यात एकेक केस गाठ मारून ओवलेला, आणि ती जाळी गोंदाने टाळूला चिकटवलेली. नीट बसली तर शेजारी बसलेल्यालाही पत्ता लागत नाही. पण गोंद काही जन्माचा सोबती नसतो. घामाने, तेलाने, अंघोळीच्या पाण्याने तो सैलावतो. आधी कपाळावरची कड उचलते, मग कानांवरची. म्हणून महिन्याने सगळं सोडवायचं, जाळी धुवायची, टाळू पुसायची आणि नव्याने चिकटवायचं.

बायको बेकरीत केकवर नावं लिहायची, त्यामुळे तिचा हात कसा स्थिर. गोंदाचा थर ती इतका पातळ लावी की ब्रश फिरल्याचं त्याला कळतही नसे. गोंद लावला की दुधासारखा पांढरा दिसतो. तो काचेसारखा स्वच्छ होईपर्यंत थांबायचं, मगच जाळी टेकवायची. तेवढ्या वेळात ती भाऊजींचं तोंड भिंतीकडे फिरवी. घरच्या खाजगी गोष्टी भाऊजींनी बघायच्या नसतात, असं तिचं म्हणणं.

जाळीला लागलेला जुना गोंद ती सालासारखा सोलून काढी. अख्खं साल न तुटता निघालं की तिला कोण आनंद. ते उजेडात धरलं की त्यात त्याच्या टाळूचा ठसा दिसे, बारीक बारीक छिद्रं आणि उजव्या बाजूला एक गोल खळगी. तिथे त्याला मस होता, शर्टाच्या बटणाएवढा. पॅच बनवणारा कारागीर सोडला, तर साऱ्या जगात तो मस फक्त तिने पाहिला होता. टाळू पुसून झाली की ती त्यावर बोट ठेवी आणि म्हणे,

"हा माझा."

त्याशिवाय गोंदाची बाटली उघडायची नाही.

तो भारी लाजाळू माणूस होता. बोलण्याआधी घसा खाकरायचा, हळू, दोनदा. चष्म्याच्या दुकानात कामाला होता, तिथे गिऱ्हाईक समोर येऊन बसलं तरी आधी खाकरणार, मग नंबर विचारणार. घरी मीठ मागायचं असलं तरी तेच. लग्नाआधी टकलाबद्दल सांगायला म्हणून तो तिच्यासमोर बसला, तेव्हा तर इतका खाकरला की तिने उठून पाणी आणून दिलं होतं. ऐकून घेतल्यावर ती एवढंच म्हणाली होती, की बरं झालं, मला वाटलं तुम्हाला खोकल्याचा आजार आहे.

२

जुना पॅच आता विरळ झाला होता. कंगव्यात पुंजके यायला लागले, तसा तो मास्तरांकडे गेला.

मास्तर म्हणजे पॅच बनवणारा कारागीर. जिना चढून गेलं की त्यांची एक लांबट खोली होती आणि तिच्या भिंतीवर खिळ्यांना साचे टांगलेले होते. गिऱ्हाइकाच्या डोक्याला पातळ प्लास्टिक गुंडाळून, वरून चिकटपट्टी मारून काढलेले ते टोपीसारखे साचे. ज्याचा साचा त्याचाच पॅच, आणि समोरची कडसुद्धा ज्याच्या त्याच्या कपाळावर ठेवूनच कापायची, हा मास्तरांचा शिरस्ता. दुसऱ्याच्या कपाळावर कापलेली कड तुमच्या कपाळावर कधी टिकत नाही, असं ते येईल त्याला ऐकवत.

त्या दिवशी मास्तरांच्या टेबलावर एक तयार पॅच होता. काळेभोर केस, किंचित लाटा असलेले. कुण्या गिऱ्हाइकाचा होता. कड कापून झाली आणि मग तो माणूस फिरकलाच नाही. मास्तर दुसरंच काही शोधत होते, तेवढ्यात आरशात बघत त्याने तो सहज डोक्यावर टेकवला.

तो बसला. नुसता बसला असं नाही, कानांपासून मानेपर्यंत असा उतरला की आरशात बघणाऱ्या मास्तरांच्या हातातली कात्री तशीच राहिली. मास्तरांनी कडेखाली नख घालून पाहिलं. नख शिरेना, आणि गोंद तर अजून लावायचाच होता.

मास्तर म्हणाले, असं होत नसतं. तुमचा नवा पॅच करतो, थोडं थांबा. पण थांबायचं त्याच्या जिवावर आलं. आरशातला माणूस त्याला आवडला होता. बसतोय ना, मग झालं तर, असं म्हणून त्याने तो बांधून घेतला. जिना उतरून रस्त्यावर आल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपण हे न खाकरता बोललो.

बायकोने येत्या सुट्टीच्या सकाळी तो चिकटवून दिला. मागे सरून तिने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि मग भाऊजींना सांगितलं, तुमचे दादा आज फोटोतल्यासारखे दिसतायत.

३

पहिले काही दिवस तो सवयीने खिशात गोंदाची छोटी बाटली बाळगत होता. दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगं घासायचं यंत्र होतं, तिथल्या आरशासमोर तो दुपारी जाऊन कपाळावरची कड चाचपून यायचा. पूर्वी बोटाला काहीतरी लागायचंच, केसाएवढी फट किंवा सुटलेल्या गोंदाचं भुरकट टोक. आता काहीच लागत नव्हतं. कड कुठे संपते आणि कपाळ कुठे सुरू होतं, तेच बोटाला सापडेना.

भिंगं घासणारा सोबती मोठा फटकळ होता. एकदा त्याने यंत्र थांबवून विचारलं, काय राव, वहिनी काय खायला घालतायत हल्ली? मालकसुद्धा म्हणाले, की गिऱ्हाइकं हल्ली याच्याकडेच जाऊन बसतात. खरंच होतं ते. तो हसून बोलायचा, फ्रेम लावताना समोरच्याच्या कानाला बोट लागलं तरी चपापायचा नाही, कुणाचं नाक बसकं असलं तर असं काही सांगायचा की त्या माणसाला स्वतःच्या नाकाचा अभिमान वाटावा. संध्याकाळी शटर ओढताना तो शिट्टी वाजवायचा. त्याला शिट्टी येते, हे त्यालाही माहीत नव्हतं.

एका रविवारी तो बायकोला घेऊन नदीपलीकडे जाणाऱ्या बोटीत बसला. इतकी वर्षं ते बोटीच्या खालच्या मजल्यावर, काचेच्या आत बसत आले होते. वरच्या मजल्यावर वारा असतो, आणि पॅच लावणाऱ्या माणसाला वाऱ्याएवढी धास्ती पोलिसाचीही वाटत नाही. त्या दिवशी तो थेट वर गेला आणि कठड्याला रेलून वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला. केस उडत होते, कपाळ उघडं पडत होतं. बायको आधी घाबरली. मग तिने हात वर करून सगळ्यांच्या देखत त्याच्या केसांतून बोटं फिरवली. असं तिने आजवर कधीच केलं नव्हतं, करता येणारच नव्हतं. तिचे डोळे भरून आले. तिने वाऱ्याचं निमित्त सांगितलं.

घरी येताना त्याला वाटलं, माणसाला याहून जास्त काय हवं असतं.

४

महिना उलटला तरी कड जागची हलली नव्हती. तरी नियम तो नियम, म्हणून सुट्टीच्या सकाळी टॉवेल अंथरला गेला.

औषध नेहमीपेक्षा बरंच जास्त लागलं. बायको कापसाचे बोळे भिजवून कडेला लावत राहिली, कंगव्याची शेपटी हळूहळू आत सरकवत राहिली. शेवटी पॅच सुटला तेव्हा आवाज आला, झोपेत माणूस कूस बदलताना सोडतो तसला उसासा. बायको म्हणाली, हवा अडकली असेल आत. त्यालाही ते पटलं. न पटण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तेवढ्यात शेजारीण दाराशी आली आणि बायको बोलायला गेली. त्याने पॅच भाऊजींवर उलटा ठेवला आणि वेळ जावा म्हणून जुना गोंद आपणच सोलायला घेतला. अख्खं साल एकसंध निघालं. तो खूश झाला. बायकोला दाखवावं म्हणून त्याने ते खिडकीच्या उजेडात धरलं.

उजवीकडची गोल खळगी त्यात नव्हती.

तिच्याऐवजी डाव्या बाजूला, मागे, नखाच्या चंद्रासारखी एक वाकडी रेघ होती. जखम भरल्यावर टाळूवर व्रण राहतो, त्याच्या ठशासारखी.

त्याने डोक्याला हात लावला. मस जागेवर होता. डावीकडे मागे चाचपलं, तिथे कातडी गुळगुळीत होती. मग तो स्वतःशीच हिशेब मांडत बसला. गोंदाला सुरकुती पडली असेल. जाळी दुसऱ्याच्या साच्यावर केलेली, तिचाच बाक उमटला असेल. खळगी बुजली असेल, औषध काय कमी ओतलं होतं? प्रत्येक उत्तर आपापल्या जागी बरोबर होतं. तरी त्याने साल चुरगाळून कचऱ्यात टाकलं आणि वर चहाची पावडर लोटली.

बायको परत आली, तिने टाळू पुसली आणि मसावर ठेवायला बोट टेकवलं. ते बोट नेहमीच्या जागी थांबलं नाही. थोडं पुढे गेलं, थोडं मागे आलं, आणि मग ती म्हणाली,

"हा माझा. इवलासा झालाय की."

त्या दिवशी त्याला नवा पॅच मागावासा वाटला. पण तिने कपाटातून आपली चांगली साडी आधीच काढून ठेवली होती. दुपारी पुन्हा बोटीत जायचं होतं.

५

पुढची सुट्टी जवळ आली, तसा तो मास्तरांकडे गेला. मस बोटाला लागायचा बंद झाला होता. जाळीवरून नीट कळत नाही, असं तो मनाला समजावत होता, पण पूर्वी जाळीवरूनही कळायचं.

त्याने मास्तरांकडे त्या गिऱ्हाइकाचा साचा बघायला मागितला. मास्तरांनी खिळ्यावरून काढून हातात दिला. पातळ, पोकळ, हलका. त्यावर पेनाने भांग आखला होता, आणि डाव्या बाजूला मागे एक वाकडी रेघ होती. मास्तर म्हणाले, तिथे त्यांना जुना व्रण होता, तेवढी जागा सांभाळून करायला सांगितली होती. माणूस कसा होता, असं त्याने विचारलं. मास्तरांना फारसं आठवत नव्हतं. हसरा होता, म्हणाले. जिना चढताना शिट्टी वाजवत यायचा.

त्याने साचा डोक्यावर ठेवला. तो बसणार हे त्याला माहीत होतं आणि तो बसला.

मग त्याने स्वतःचा साचा मागितला. इतक्या वर्षांत त्याचे सगळे पॅच त्याच साच्यावर झाले होते. उजवीकडे मसासाठी त्यावर मास्तरांनी एक ठिपका काढला होता. त्याने तो डोक्यावर ठेवला. साचा डुगडुगला. कानांवर टेकेना, मागे टेकवला तर कपाळावर उचलला जाई. मास्तरांनी पुढे होऊन दोन्ही हातांनी दाबून पाहिला, मग काढून घेतला, त्यावर लिहिलेला नंबर वाचला आणि पुन्हा एकदा वाचला.

"प्लास्टिक आहे," मास्तर हळूच म्हणाले. "वर्षं झाली की आक्रसतं."

"आणि हा दुसरा नाही आक्रसला?"

दोन्ही साचे खिळ्यांना टांगून झाल्यावर ते म्हणाले, की तो पॅच परत घेऊन या. तुमच्या मापाचा नवा करून देतो, आणि तयार होईपर्यंत हा मात्र पुन्हा चिकटवू नका.

त्याने मान हलवली. जिना उतरताना त्याचं ठरलं होतं. सुट्टीच्या सकाळी पॅच सोडवला की तो कागदात गुंडाळायचा आणि तडक इथे आणायचा. महिनाभर टोपी घालून फिरावं लागेल, बोट नाही, वारा नाही, गिऱ्हाइकासमोर पुन्हा खाकरणं आलं. चालेल. बायकोचं बोट जिथे थांबतं, ती जागा जाता कामा नये. बाकी काही गेलं तरी चालेल.

रस्त्यावर येईपर्यंत तो शिट्टी वाजवत होता.

६

सकाळ सुंदर होती. खिडकीतून ऊन येत होतं, बायकोने टॉवेल अंथरला होता आणि बेकरीतली गंमत सांगत होती. एका आजोबांनी आजीसाठी केक मागवला आणि ऐन वेळी आजीचं लाडाचं नावच त्यांना आठवेना, मग केकवर नुसतं 'तू' लिहून नेला. सांगता सांगता तिने पॅच सोडवला. तोच उसासा आला.

तिने पॅच भाऊजींवर चढवला आणि ओल्या कापसाने त्याची टाळू पुसायला घेतली. तो हात मांडीवर घट्ट धरून बसला होता. आता तिचं बोट उजवीकडे जाईल, शोधेल, तिला सापडणार नाही, ती घाबरेल. मग तिला सगळं सांगायचं आणि निघायचं.

बोट उजवीकडे गेलंच नाही. ते सवयीने, न चुकता, डावीकडे मागे गेलं, नखाच्या चंद्राएवढ्या वाटेवरून एकदा फिरलं आणि थांबलं.

"हा माझा," ती म्हणाली.

त्याने विचारलं, "कधीपासून आहे गं तो तिथे?"

"आता बाई. लग्नाआधी तुम्हीच नाही का सांगितलंत? लहानपणी झोक्यावरून पडलात ते." ती हसली. "तेव्हासुद्धा किती हसवलं होतंत मला."

तिच्या आवाजात कसलीही शंका नव्हती. ती सुखात होती. इतकी सुखात त्याने तिला एवढ्या वर्षांत पाहिली नव्हती.

तिने गोंद लावायला घेतला. ब्रश फिरत गेला, गार, पातळ, आणि त्याला आपण तो थांबवला पाहिजे हे आठवत होतं. तिने भाऊजींवरून पॅच उचलून हातात घेतला. तेव्हा समोरच्या भिंतीवरच्या आरशात त्याला ते पांढरं डोकं दिसलं. उजव्या बाजूला, पांढऱ्या थर्माकोलवर, शर्टाच्या बटणाएवढा तपकिरी उंचवटा होता. त्यावर पाण्याचा एक थेंब थांबला होता आणि हळूहळू ओघळत होता. बायकोने नेहमीसारखं त्या डोक्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

गोंद अजून पांढरा होता. म्हणजे अजून वेळ होता. एक शब्द बोलायचा, एवढंच काम. तो बोलण्याआधी खाकरायला गेला, तर घशात खाकरण्यासारखं काही नव्हतंच. घसा मोकळा होता, स्वच्छ. त्याला वरच्या मजल्यावरचा वारा आठवला, केसांतून फिरणारी तिची बोटं आठवली. खालच्या मजल्यावर, काचेच्या आत बसणारा माणूसही आठवला. त्याचा चेहरा मात्र नीटसा आठवेना.

गोंद काचेसारखा झाला.

"लाव," तो म्हणाला.

तिने समोरची कड कपाळावर टेकवली आणि कंगव्याच्या पाठीने दाबत दाबत मागे आणली. टेबलाच्या टोकाकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. हळू, दोनदा.

"थांबा हो भाऊजी, झालंच आमचं," बायको मान न वळवता म्हणाली. आणि तिचा हात सुटू नये म्हणून त्याने तिच्या हातावर आपला तळवा ठेवला आणि जोर लावून दाबून धरला.